मीटरबाईंची सभा

पाणीपुरवठा खात्याच्या युनियनच्या अध्यक्ष मीटरबाई होतील असं कुणाच्या मनातही नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या तर नव्हतंच नव्हतं. आधीचे अध्यक्ष, ज्यांना सगळं खातं नुसतं काका म्हणायचं, निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवरून पंपहाऊसवाल्यांची आणि दुरुस्तीवाल्यांची अशी जुंपली की एक गट दुसऱ्याचं नावसुद्धा ऐकून घेईना. मग दोघांनाही न खुपणारं नाव शोधता शोधता सगळे मीटरबाईंपाशी येऊन थांबले. घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचणारी बाई. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. दारात उभं राहून लोकांची बोलणी मुकाट ऐकून घ्यायची सवय. "तुम्ही नुसतं सहीपुरतं बसा," असं दोन्ही गटांनी त्यांना वेगवेगळं गाठून सांगितलं, आणि त्या हो म्हणाल्या, कारण नाही म्हणायला उसंतच मिळाली नाही.

काकांचा कारभार सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. काका एकटे साहेबांच्या केबिनमध्ये जायचे, दार लोटलं जायचं, आत चहा जायचा, आणि थोड्या वेळानं काका जिन्यात उभे राहून म्हणायचे, "झालं काम." काय झालं, कशाच्या बदल्यात झालं, हे विचारायची कुणाला गरज वाटत नसे. सर्वसाधारण सभा वर्षातून एकदा व्हायची, तीही चहा-बिस्किटं संपेपर्यंत. काका काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी लोकांची बरीच कामं करून दिली होती. फक्त कामं कशी होतात हे दुसऱ्या कुणाला शिकवायचं मात्र ते विसरले होते.

मीटरबाई खुर्चीत बसतात न बसतात तोच सरकारनं अंदाजपत्रकाला कात्री लावली. सगळ्याच खात्यांना फटका बसला. वाचनालयं आठवड्यातले काही दिवस बंद राहू लागली, बागांची कुलपं उशिरा उघडू लागली, आणि पाणीपुरवठ्याच्या कचेरीत व्हरांड्यातले निम्मे दिवे काढून ठेवले गेले. एका सकाळी लेखाधिकारी बाईंनी मीटरबाईंना बोलावलं.

लेखाधिकारी बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बसायला सांगितलं आणि आडवळणं न घेता मुद्द्याला हात घातला. "खात्याचा पगारखर्च कमी करायचा आहे. वरून तसा आदेश आहे. तुमच्या कायम कामगारांना आम्ही हात लावत नाही. रोजंदारीवाले तेवढे कमी करतोय."

"सगळे?"

"सगळे. ते तुमच्या युनियनचे सभासद नाहीत, म्हणून तुमची सहीदेखील लागत नाही. तुम्ही फक्त आरडाओरडा करू नका, एवढंच."

खात्यात रोजंदारीवर बरीच माणसं होती. उंच टाक्यांत उतरून तळाचा गाळ खरवडणारी, गळती सापडली की रस्ता खोदणारी, शहराच्या टोकाकडच्या वस्त्यांना पाणी सोडणारी. कुणी काल आलेलं नव्हतं. कित्येकांचे केस याच कामावर पिकले होते. दुपारी डबे उघडले की कायम कोण आणि रोजंदारीवर कोण हे बाहेरच्या माणसाला ओळखू आलं नसतं. ओळखू यायचं ते पगाराच्या दिवशी.

मीटरबाई बाहेर आल्या तेव्हा जिन्यात माणसं उभी होती. त्यांचे चेहरे वर वळले.

"अजून काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "सभा घ्यावी लागेल."

असलं वाक्य त्या जिन्यानं पूर्वी ऐकलेलं नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघत पांगली.

संध्याकाळी कार्यकारिणीची बैठक झाली. खजिनदार हा आस्थापना विभागातला कारकून, हिशेबाला चोख आणि जिभेला तिखट. तो म्हणाला, "गप्प बसायला आपलं काय जातं? उलट गप्प बसण्याचा मोबदला मिळतोय. काका असते तर एव्हाना पेढ्यांची ऑर्डर गेली असती."

"काका असते तर आपल्याला कळलंच नसतं," मीटरबाई म्हणाल्या. "आपल्याला कळलंय, हीच तर अडचण आहे."

त्यांनी दोन गोष्टी ठरवून टाकल्या. हा प्रश्न सर्वसाधारण सभेपुढे जाईल, आणि रोजंदारीवाल्यांना वाचवण्यासाठी संपाचा ठराव त्या स्वतः मांडतील. हो-ना करत कार्यकारिणीनं मान डोलावली. खजिनदार उठता उठता म्हणाला, "मत मागायला निघालाय खऱ्या, पण पहिलं मत घरातलं बघा."

ते मात्र खरं होतं. मीटरबाईंचे धाकटे दीर त्याच खात्यात चावीवाले होते. ठरल्या वेळी रस्त्यातली झाकणं उचलायची, लांब दांड्याच्या चावीनं व्हॉल्व्ह फिरवायचा, एका वस्तीचं पाणी बंद करून दुसरीचं सोडायचं, हे त्यांचं काम. कायम नोकरी, शिवाय भरपूर ओव्हरटाइम. त्या ओव्हरटाइमच्या भरवशावर त्यांनी घरावर दोन खोल्या चढवायला काढल्या होत्या. अंगणात विटा येऊन पडल्या होत्या आणि जाऊबाईंनी खिडक्यांना पडदे कुठल्या रंगाचे हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

जेवणाच्या वेळी विषय निघालाच.

"वहिनी, संप म्हणजे पगार बंद," दीर ताटावरून नजर न उचलता म्हणाले. "किती दिवस, ते कुणी सांगायचं?"

"कुणीच सांगू शकत नाही, भाऊजी."

"मग मी सभेत विरोधात बोलणार. आधी सांगून ठेवतो, नंतर चारचौघांत वहिनीला तोंडघशी पाडलं म्हणू नका."

"बोला की. सभा त्यासाठीच आहे."

जाऊबाईंनी भाताचं भांडं जरा जोरातच खाली ठेवलं. मीटरबाईंचे यजमान शिलाईचं दुकान चालवायचे. घरातल्या भांडणात पडायचं नाही हा त्यांचा जुना नेम. दीर-वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्याकडे नका बघू. मी मापं घेतो, बाजू घेत नाही."

सभा पंपहाऊसमागच्या शेडमध्ये भरली. पंपांची घरघर भिंतीतून येत होती, त्यामुळे बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागायचा आणि साधं वाक्यही भाषण वाटायचं. खुर्च्या कमी पडल्या. माणसं पाइपांच्या ढिगावर बसली, दारात उभी राहिली. रोजंदारीवाले मागच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांना मत नव्हतं, पण ऐकायला कुणी मनाई केली नव्हती.

मीटरबाईंनी ठराव मांडला. त्या वक्त्या नव्हत्या. पण आज यांच्यावर आलंय ते उद्या आपल्यावर येईल, आणि तेव्हा आपल्या बाजूनं उभं राहायला कुणी उरलेलं नसेल, एवढं त्यांनी नीट सांगितलं. टाळ्याही पडल्या.

मग दीर उठले. "अध्यक्षांचा मी घरातला आहे, त्यामुळे भीत भीत बोलतो," असं म्हणून त्यांनी आधी हशा घेतला आणि मग गंभीर झाले. त्यांनी कुणाला नावं ठेवली नाहीत. घरांचे हप्ते, मुलांच्या फिया, म्हाताऱ्यांची औषधं, आणि संप कधी संपेल हे ठाऊक नसण्याची भीती, यांवर ते बोलले. शेडमधले बरेच जण मान खाली घालून ऐकत होते, म्हणजे त्यांना पटत होतं.

तेवढ्यात मागून एक हात वर झाला. हात होता टाकीवालीचा. टाक्या धुणाऱ्या रोजंदारीवाल्यांची ती मुकादम. अंगानं काटक, आवाज मात्र घागरीत बोलल्यासारखा घुमणारा.

"सभासद नाही त्यांना बोलता येत नाही," खजिनदारानं युनियनची घटना उघडायच्या आतच सांगितलं.

"सभेची हरकत नसेल तर येतं," मीटरबाई म्हणाल्या. "आहे का हरकत?" कुणी हरकत घेतली नाही.

टाकीवाली पुढे आली. आता ही रडेल, हात जोडेल, असं सगळ्यांना वाटलं. ती मीटरबाईंकडे वळून म्हणाली, "बाई, आमच्यासाठी संप करताय हे ऐकून बरं वाटलं. पण आम्हाला विचारलं कुणी? संप झाला की आमचा रोज पहिल्या दिवसापासून बुडतो. तुम्ही संपावरून परत याल तेव्हा आमच्या जागी दुसरी माणसं लावलेली असतील. आमच्यासाठी संप नको. दुसरं काहीतरी काढा."

एवढं बोलून ती परत भिंतीशी जाऊन उभी राहिली.

मीटरबाईंचे कान तापले. वाईट वाटण्यापेक्षा लाजच जास्त वाटली. घरोघर जाऊन दार वाजवणारी आपण, आणि हे एक दार वाजवायचं राहून गेलं. मतपेटी फिरली, खजिनदारानं चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोजल्या आणि संपाचा ठराव पडला. थोडाथोडका नव्हे, चांगलाच आपटला.

खरं तर तिथं सभा संपायची. पण मीटरबाई उठल्या नाहीत. "ठराव पडला, मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "आता बोलणी करायला माणसं निवडायची आहेत. मी एकटी केबिनमध्ये जाणार नाही. माझ्याबरोबर खजिनदार येतील. आणि ज्यांनी माझा ठराव पाडला ते भाऊजी येतील."

दीर चमकले. "मी कशाला?"

"इथं बहुमत तुमच्या बाजूला आहे. मी बोलले तर ते माझं बोलणं होईल. तुम्ही बोललात तर सभेचं होईल."

शेडमध्ये कुजबुज झाली, मग कुणीतरी अनुमोदन दिलं, मग सगळ्यांनीच दिलं. दीर अडकले ते अडकलेच. जाताना मीटरबाई टाकीवालीपाशी थांबल्या. "चुकलं माझं. उद्या दुपारी डब्याच्या वेळी येते. तुम्हाला काय हवंय ते सगळ्यांकडून ऐकायचंय."

"या," टाकीवाली म्हणाली. "पण चटई आणा, टाकीखाली ओल असते."

दुसऱ्या दिवशी मीटरबाई गेल्या, बसल्या, ऐकत राहिल्या. पगारवाढ कुणी मागितली नाही. त्यांना काम टिकायला हवं होतं, आणि उद्या कामावर यायचं की नाही हे आदल्या दिवशी तरी कळायला हवं होतं. एक म्हातारा खोदकामवाला म्हणाला, "आणि तुमच्या सभेत आम्हाला बसायला जागा द्या. उभं राहून पाय दुखतात." सगळे हसले. मीटरबाईही हसल्या, पण ते वाक्य त्यांच्या डोक्यात राहिलं.

बोलणी सुरू झाली तेव्हा लेखाधिकारी बाई तीन माणसं बघून जरा बुचकळ्यात पडल्या. त्यांनी शिपायाला आणखी दोन खुर्च्या आणायला सांगितलं. दीर नवा शर्ट घालून आले होते आणि खुर्चीच्या कडेवर बसले होते. पहिला बराच वेळ खजिनदारच बोलला. कुठल्या खर्चाला कात्री लावता येईल, कुठल्या नाही, असं बरंच झालं. लेखाधिकारी बाई प्रत्येक गोष्टीवर शांतपणे मान हलवून नाही म्हणत होत्या. शेवटी दिरांनी तोंड उघडलं.

"पण मॅडम, ही माणसं गेल्यावर त्यांची कामं कोण करणार?"

"तुम्हीच. थोडा ताण पडेल, पण ओव्हरटाइम वाढवून देऊ की. तुमच्या लोकांचा फायदाच आहे त्यात."

दीर खुर्चीच्या कडेवरून पुढे सरकले. "म्हणजे त्यांना काढून जे वाचणार, त्यातलं काही आम्हाला ओव्हरटाइम म्हणून मिळणार."

"असं म्हणता येईल."

"आणि पुढच्या वर्षी?"

लेखाधिकारी बाईंनी चष्मा काढला. खोटं बोलणं त्यांना जमत नसावं. "पुढच्या वर्षाचं मी आज काही सांगू शकत नाही. कात्री पुन्हा आली तर ती कुठंतरी लावावीच लागेल."

बैठक तिथंच थांबली, पुढची तारीख ठरली. बाहेर व्हरांड्यात दीर अर्ध्या अंधारात कठड्याला टेकून उभे राहिले. खजिनदार पाणी प्यायला गेला. मीटरबाई शेजारी उभ्या राहिल्या.

"वहिनी," दीर म्हणाले, "शेवटच्या वस्तीतली चावी माझ्याबरोबर एक रोजंदारीवाला फिरवतो. मी आजारी पडलो की दोन्हीकडचं पाणी तोच सोडतो. आतापर्यंत मला वाटायचं, त्याचा आणि माझ्या ओव्हरटाइमचा काही संबंध नाही."

"हं."

"ओव्हरटाइम आपणच सोडला तर? सगळ्यांनीच. तेवढ्यात ही माणसं राहतील का?"

मीटरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हा विचार त्यांच्या मनात कधीचा येऊन गेला होता, पण तो बोलून दाखवायचा अधिकार आपल्याला आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. मीटर वाचणाऱ्यांना ओव्हरटाइम नसतोच. दुसऱ्याच्या ताटातलं वाढायला त्यांचं काय जात होतं?

"राहतील की नाही ते खजिनदार सांगतील," त्या म्हणाल्या. "पण भाऊजी, अंगणात विटा पडल्यात."

"ठाऊक आहे. तुमच्या जाऊबाईंना सांगायचं तेवढं तुम्ही सांगा."

"ते तुमचं तुम्ही. अध्यक्षाच्या कामात ते बसत नाही."

खजिनदारानं दोन दिवस आकडेमोड केली आणि नाक मुरडत येऊन सांगितलं, की जवळजवळ जमतंय. अगदी पुरतं नाही, पण जवळजवळ.

घरी दिरांनी जाऊबाईंना सांगितलं. दोन दिवस घरात भांडी वाजत राहिली. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्या मीटरबाईंना म्हणाल्या, "ताई, मला राग खोल्यांचा नाही. ह्यांनी आधी सभेला सांगायचं ठरवलं आणि मग मला सांगितलं, त्याचा आहे."

"बरोबर आहे तुझं," मीटरबाई म्हणाल्या. "ही चूक आपल्या घरात सध्या सगळेच करतायत."

जाऊबाईंना हसू आलं. ते त्यांनी लपवायचा प्रयत्न केला, पण भाजीची जुडी हातात असल्यामुळे जमलं नाही.

दुसऱ्या बैठकीत दिरांनीच प्रस्ताव मांडला. कायम कामगार वर्षभर ओव्हरटाइम घेणार नाहीत. त्या बदल्यात रोजंदारीवरचं एकही माणूस कमी करायचं नाही, आणि कायम जागा रिकामी झाली की ती आधी त्यांच्यातूनच भरायची. लेखाधिकारी बाईंनी ते दोनदा वाचून घेतलं.

"यावर तुम्ही आत्ता सही कराल?"

"नाही," मीटरबाई म्हणाल्या. "आधी सभेपुढे जाईल."

"अहो, मला लगेच वर कळवायचं आहे. काका असताना हे असं नव्हतं."

"नव्हतं," मीटरबाई म्हणाल्या. "पण काकांचा शब्द काका होते तोवर चालला. हा शब्द सगळ्यांनी मिळून दिलेला असेल. तो मोडायला तुम्हाला आणि आम्हालाही जड जाईल."

लेखाधिकारी बाई थोडा विचार करून सभेपर्यंत थांबायला कबूल झाल्या. मीटरबाईंना त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं, की ही बाईसुद्धा वरच्यांना सांगायला काहीतरी भक्कम शोधते आहे.

दुसरी सभा पहिल्यापेक्षा जोरात झाली. काही जण उठून सरळ म्हणाले, की आमचा ओव्हरटाइम देणारे तुम्ही कोण? एक पंपचालक तर निघूनच गेला, आणि थोड्या वेळानं मत द्यायला परत आला. दीर प्रत्येकाला उत्तर देत होते. कुणाला पटवत, कुणाला नुसतं समजून घेत. बायकोला अजून पूर्ण पटलेलं नाही हे त्यांनी भर सभेत सांगून टाकलं, तेव्हा शेडमध्ये ओळखीचं हसू पसरलं. त्याच ठरावाला मीटरबाईंनी एक ओळ जोडली होती: रोजंदारीवाल्यांना युनियनचं सभासद करून घ्यायचं. खजिनदार म्हणाला, "वर्गणी द्यावी लागेल हो." भिंतीकडून टाकीवालीचा घुमणारा आवाज आला, "देऊ. पण खुर्ची मिळेल ना?"

ठराव मंजूर झाला. एकमतानं नाही. चिठ्ठ्या मोजताना खजिनदाराच्या कपाळावर घाम आला होता, इतकी चुरस झाली. निकाल सांगून झाल्यावर तो मीटरबाईंच्या कानाशी म्हणाला, "मी विरोधात दिलं होतं. पण पडला असता तर वाईट वाटलं असतं."

वरून मंजुरी आली ती जशीच्या तशी आली नाही. रोजंदारीवाले राहिले, रिकाम्या जागांची अटही राहिली. मात्र मीटर वाचणाऱ्यांचे दोन भाग एकत्र करून टाकले. त्यामुळे मीटरबाईंची फेरी जवळजवळ दुप्पट लांब झाली, आणि त्यांच्या विभागातल्या दोघी-तिघी त्यांच्याशी काही दिवस तुटक वागल्या. लेखाधिकारी बाई म्हणाल्या, "एवढं मला कुठूनतरी आणावंच लागलं." मीटरबाईंनी त्यावर हरकत नोंदवली आणि चपला बदलल्या, जुन्या त्या फेरीला पुरल्या नसत्या. हरकतीवर बोलणी अजून चालू आहेत.

वरच्या खोल्यांचं काम कमरेपर्यंत येऊन थांबलं. जाऊबाईंनी त्या अर्ध्या भिंतींच्या आत कपडे वाळत घालायला सुरुवात केली, आणि वारा छान येतो असं शेजारणीला सांगताना मीटरबाईंनी त्यांना ऐकलं. दीर काम संपवून वेळेवर घरी येऊ लागले. सुरुवातीला त्यांना त्या मोकळ्या संध्याकाळचं काय करावं ते सुचेना. मग ते भावाच्या दुकानात बसून काजं-बटणं करायला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची बटणं उलट्या बाजूला लावून बसले.

पुढच्या सर्वसाधारण सभेला शेड गच्च भरली होती. टाकीवाली कार्यकारिणीवर निवडून आली होती आणि पहिल्या ओळीत बसली होती. मीटरबाईंनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवलं आणि मंजुरी विचारली.

टाकीवाली उठली. "एक दुरुस्ती आहे. मी म्हणाले ते इथं अर्धंच लिहिलंय."

खजिनदारानं उसासा सोडला. मागून दीर म्हणाले, "माझंही."

मीटरबाई पेनाचं टोपण काढून टाकीवालीचं बोलणं लिहून घेऊ लागल्या. त्यांना स्पष्ट दिसत होतं, की ही बाई पुढच्या निवडणुकीत आपल्याला खुर्चीवरून उठवणार आहे. आणि त्याबद्दल आपल्याला जरासुद्धा धास्ती वाटत नाही, हे लक्षात येऊन त्या लिहिता लिहिता मधेच थांबल्या.

"काय झालं?" टाकीवालीनं विचारलं.

"काही नाही," मीटरबाई म्हणाल्या. "बोला तुम्ही. सगळं सांगा."